तिसऱ्या कडव्यानंतरचा सांधा: ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’च्या आवृत्त्या ऐकताना

‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ या गाण्याला तीन कडवी आहेत. तिसरं कडवं संपतं आणि शेवटचं ध्रुवपद उचललं जातं, त्या दोहोंमध्ये एक छोटासा सांधा आहे. हे गाणं लिहिणाऱ्या डॉली पार्टनच्या १९७४ सालच्या मूळ आवृत्तीत या सांध्यावर बोलणं संपून गाणं सुरू होतं. व्हिटनी ह्यूस्टनच्या १९९२ सालच्या आवृत्तीत तिथे सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि गाणं वरच्या पट्टीत जातं. लिंडा रॉनस्टॅटच्या १९७५ सालच्या आवृत्तीत हा सांधाच नाही, कारण तिनं तिसरं कडवं गायलेलं नाही.

या गाण्यावरचे वाद बहुधा ‘कोणाचा आवाज मोठा’ या प्रश्नावर येऊन अडतात आणि त्यात डॉलीवर अन्याय होतो. व्हिटनीवरही होतो, कारण तिच्या गाण्यातला सगळ्यात अवघड भाग मोठ्या आवाजाचा नाहीच. माझ्या मते तुलना या सांध्यापासून सुरू करावी आणि तिथून मागे जात बाकीचं गाणं ऐकावं. प्रत्येक गायिकेनं आधीची दोन-तीन मिनिटं कशासाठी राखून ठेवली होती, ते तिथे कळतं.

आधी शब्द. हे गाणं जगभर लग्नांमध्ये वाजतं, पण ते निरोपाचं गाणं आहे, तेही कामातल्या सोबत्याला दिलेल्या निरोपाचं. टेनेसीतल्या सेव्हिअर काउंटीत वाढलेली डॉली १९६७ पासून गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गात होती. काही वर्षांनी तिला तिथून बाहेर पडून स्वतःची वाट धरायची होती, आणि हे त्याला समोरासमोर पटवून सांगणं कठीण होतं, म्हणून तिनं गाणं लिहिलं. पहिल्या कडव्यात ती म्हणते की मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून निघते. दुसऱ्यात कडू-गोड आठवणी सोबत नेते, रडू नकोस, तुला हवी तशी मी नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. या दोन कडव्यांच्या केंद्रस्थानी ‘मी’ आहे. तिसरं कडवं तोंड फिरवतं: आयुष्य तुला मायेनं वागवो, मनात धरलंस ते मिळो, आनंद मिळो, आणि या सगळ्यापेक्षा जास्त, प्रेम मिळो. हे सगळं ‘तू’बद्दल आहे. त्याच्या लगेच नंतर जेव्हा तीच ओळ येते, की मी तुझ्यावर कायम प्रेम करत राहीन, तेव्हा तिचा अर्थ पहिल्या दोन वेळांपेक्षा वेगळा झालेला असतो. पहिल्यांदा ती समजूत असते, दुसऱ्यांदा कबुली, तिसऱ्यांदा आशीर्वाद. शब्द एकही बदललेला नाही. तो फरक गळ्यातून दाखवावा लागतो, आणि गाण्याची खरी परीक्षा तीच आहे.

चालीचा सांगाडा अगदी साधा. ध्रुवपदाखाली चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) फिरतात आणि त्यांचे मूळ स्वर सा, ध, म, प या क्रमानं येतात. पेटीवर किंवा गिटारवर नवखा माणूसही त्या पंधरा मिनिटांत बसवेल. सांगाडा इतका मोकळा असल्यामुळे गाणाऱ्याला लपायला जागा मिळत नाही. ‘आय’ आणि ‘यू’ हे दोन एकाक्षरी शब्द लांब ताणायचे असतात आणि त्या ताणात काय भरायचं, हे प्रत्येकीनं स्वतः ठरवायचं असतं.

डॉली

डॉलीनं हे गाणं १३ जून १९७३ रोजी नॅशव्हिलमध्ये आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत गायलं. ते ‘जोलीन’ या अल्बममध्ये आलं आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लांबी तीन मिनिटांच्या आत. पट्टी ‘ए’, म्हणजे आपली पांढरी सहा, आणि शेवटपर्यंत तीच.

तिचा आवाज पातळ आणि कंप जलद, बारीक आहे. ध्रुवपदातही ती आवाजाची पातळी फारशी वाढवत नाही. पहिल्या ऐकण्यात हे सपाट वाटू शकतं. पण तिसऱ्या कडव्याशी या आणि मग मागे वळून पाहा. तिसरं कडवं ती गात नाही, बोलते. वाद्यं चालू राहतात आणि ती सरळ, घरातल्या माणसाशी बोलावं तशी शुभेच्छा देते. हे बोलणं गाण्यात उपरं वाटत नाही, कारण पहिल्या दोन कडव्यांत तिचं गाणंच बोलण्याच्या इतकं जवळ होतं की तिथून बोलण्यात उतरायला फक्त एक पायरी लागते. आधी जोरात गायली असती तर ही पायरी विहिरीएवढी खोल झाली असती.

आणि मग सांधा. बोलण्याला ठरलेला स्वर नसतो. काही सेकंद कानाला सूर नुसता वाद्यांतून मिळतो, गळ्यातून नाही. त्यामुळे ती पुन्हा गायला लागते तेव्हा तीच पट्टी, तीच कॉर्ड, तोच स्वर असूनही काहीतरी वर उचलल्यासारखं वाटतं. पट्टी न बदलता पट्टी बदलल्याचा परिणाम तिनं साधलाय. माझ्या दृष्टीनं या गाण्यातली ही सर्वांत हुशार जागा आहे, आणि ती इतक्या मवाळपणे येते की बहुतेकांच्या हातून निसटते.

ही बोललेली जागा गाऊन पाहणाऱ्यांचं तिथे हमखास बिनसतं. मुख्य चूक अभिनयाची. आवाजात मुद्दाम कंप आणला की निरोपाचं भाषण होतं. दुसरी चूक मात्रांची. वाद्यं कडव्याच्या ठरलेल्या मात्रा वाजवत असतात आणि बोलणं गाण्यापेक्षा लवकर संपतं, म्हणून शेवटी तीन-चार मात्रांची पोकळी उरते आणि गायिका नुसती उभी राहते. उपाय सोपा आहे. आधी ते कडवं गाऊन बघायचं, प्रत्येक ओळ कितव्या मात्रेला सुरू होते ते ठरवायचं, मग सूर काढून टाकून नेमक्या त्याच मात्रांवर बोलायचं. ओळीच्या आत शब्द मोकळे सोडावेत, पण ओळीची सुरुवात हलू देऊ नये. शेवटची ओळ, प्रेमाची शुभेच्छा, अर्धी मात्रा उशिरा उचलली तरी चालते. त्यानंतर श्वासाला किमान दीड मात्रा राखून ठेवावी, नाहीतर ध्रुवपदाचा पहिलाच स्वर कोरडा लागतो.

१९८२ मध्ये डॉलीनं हेच गाणं एका चित्रपटासाठी पुन्हा गायलं आणि ते पुन्हा कंट्री यादीत पहिलं आलं. १९९५ मध्ये तिनं ते विन्स गिलसोबत युगुलगीत म्हणून गायलं. युगुलगीताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आवाज सुंदर जुळतात, पण अर्थ हलतो. एकाच गळ्यात हे गाणं निर्णय असतं, कारण एक जण निघतोय आणि दुसऱ्याला उत्तर द्यायची संधी नाही. दुसरा आवाज आला की तो आपसांतला समजूतदार करार होतो. ऐकायला उबदार वाटतं, बोचत नाही.

लिंडा रॉनस्टॅट आणि गाळलेलं कडवं

लिंडाची आवृत्ती १९७५ च्या ‘प्रिझनर इन डिसगाइज’ या अल्बममधली, निर्माता पीटर अ‍ॅशर. तिचा आवाज डॉलीपेक्षा भरदार आणि गोल. लांब स्वर ती आधी सरळ धरते आणि कंप शेवटाकडे सोडते. डॉलीच्या आवृत्तीतून थेट इकडे आलात तर पहिल्याच ओळीत जाणवेल की ही बोलत नाही, गातेय.

तिसरं कडवं नसल्यामुळे तिचं गाणं ‘मी’मध्येच संपतं. शुभेच्छा नाही, आशीर्वाद नाही. निघालेलं माणूस स्वतःच्याच दुःखाशी उरतं. मला ही आवृत्ती अपुरी वाटत नाही, ते वेगळंच गाणं वाटतं, जास्त एकटं. तिची दखल मात्र जितकी घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही, आणि १९९२ ची आवृत्ती तिच्याच पोटातून निघाली हे तर बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं.

ते असं झालं. व्हिटनी नायिका असलेल्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी आधी दुसरं जुनं गाणं ठरलं होतं, पण ते आणखी एका चित्रपटात वापरलं गेल्याचं कळलं. तेव्हा चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरनं हे गाणं सुचवलं आणि ऐकवलं ते लिंडाचं. संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टरनं त्यावरून मांडणी सुरू केली, म्हणजे दोनच कडव्यांची. डॉलीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा तिसरं कडवं राहिलंय हे तिनं सांगितलं आणि शब्द दिले. तो फोन झाला नसता तर ड्रमचा तो प्रसिद्ध ठोका पडायला जागाच नव्हती.

त्याच चित्रपटात या गाण्याची आणखी एक आवृत्ती आहे, जॉन डोची. नायक-नायिका एका साध्याशा बारमध्ये नाचतात तेव्हा ती ज्यूकबॉक्सवर वाजते. पुरुषी, कोरडा, कंट्री ढंगाचा आवाज. चित्रपट पुन्हा पाहिलात तर तिथे कान द्या. शेवटाला येणाऱ्या गाण्याचं बी तिथे आधीच पेरलेलं आहे.

पुरुषाच्या आवाजात हे गाणं त्याच्याही खूप आधी आलं असतं. १९७४ च्या सुमारास एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यानं गाण्याच्या प्रकाशनहक्कांपैकी निम्मा वाटा मागितला आणि डॉलीनं नकार दिला. हक्क तिच्याकडेच राहिल्यानं १९९२ नंतरच्या विक्रीतला लेखिकेचा वाटाही तिलाच मिळाला. त्या नकाराला धैर्य लागलं असणार.

व्हिटनी

आता ती आवृत्ती, जिच्या ध्रुवपदाची नक्कल प्रत्येकानं एकदा तरी न्हाणीघरात केलेली असते. लांबी सुमारे साडेचार मिनिटं. अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे पहिला क्रमांक, ब्रिटनमध्ये १० आठवडे, आणि १९९४ च्या ग्रॅमी समारंभात वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार. एवढ्या यशाखाली तिची कारागिरी झाकली गेली आहे.

सुरुवातीचं जवळपास पाऊण मिनिट एकही वाद्य नाही. नुसता गळा. ही कल्पना कॉस्टनरची, आणि रेडिओवर असं गाणं कोण वाजवेल, या शंकेला न जुमानता त्यानं ती लावून धरली. वाद्य नाही म्हणजे ठेकाही नाही, मात्रा मोजायला काही नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीनंतरचा विराम किती लांब, हे फक्त गायिका ठरवते. त्या विरामांत तिचा श्वास ऐकू येतो. चांगल्या हेडफोनवर पहिल्या ओळीआधीचा आणि पहिल्या दोन ओळींमधला श्वास मुद्दाम ऐका. एक निवांत आहे, दुसरा किंचित तुटक. माणूस बोलायचं धाडस गोळा करतो तसं.

मग पहिलं ध्रुवपद. लोकांच्या आठवणीत हे गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या आवाजाचं असतं. तसं ते नाही. पहिल्या ध्रुवपदात ती वरचे स्वर हलक्या, डोक्यातल्या आवाजात लावते. दुसऱ्यात थोडा जोर येतो, तरी दार अर्धंच उघडतं. त्यानंतर कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन, मग तिसरं कडवं. व्हिटनी ते गाते, बोलत नाही, पण आवाज मुद्दाम खाली आणून, जवळ घेऊन. गाण्याचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग इथपर्यंत संपलेला असतो आणि पूर्ण ताकदीचा स्वर अजून एकदाही लागलेला नसतो.

आणि मग तो सांधा. प्रेमाची शुभेच्छा देऊन ती थांबते. वाद्यं थांबतात. शांतता. रिकी लॉसनचा एक ठोका, आणि ‘अँड आय’ पांढरी सहावरून पांढरी सातवर, म्हणजे ‘ए’वरून ‘बी’वर. दोन श्रुतींनी नव्हे, दोन पूर्ण अर्धस्वरांनी (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). कंपनसंख्येत ही वाढ सुमारे १२ टक्के भरते: ४४० हर्ट्झचा ‘ए’ जिथे होता तिथे आता ४९४ हर्ट्झचा ‘बी’ षड्ज होतो. पॉप गाण्यांत शेवटी पट्टी वाढवणं नेहमीचंच, पण बहुधा नव्या पट्टीकडे नेणारी कॉर्ड आधी वाजवून कानाला सूचना दिली जाते. इथे सूचना म्हणजे फक्त शांतता. त्या शांततेत कान जुना षड्ज हळूहळू सोडतो आणि नवा षड्ज आला की तो ओढूनताणून वर चढवल्यासारखा वाटत नाही, उजाडल्यासारखा वाटतो.

डॉलीनं बोलून जे केलं तेच व्हिटनीनं गप्प राहून केलं. दोघींनीही शेवटच्या ध्रुवपदाआधी गळ्यातला सूर काही क्षण काढून घेतला. दोन आवृत्त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मानणाऱ्यांनी ही जागा पाठोपाठ ऐकावी.

हरकतींबद्दलही थोडं. व्हिटनी नेवार्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात घडली, आणि आई सिसी ह्यूस्टन स्वतः गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची, गायिका. ‘आय’ आणि ‘यू’वरच्या तिच्या हरकती त्या परंपरेतल्या आहेत. असल्या हरकती बऱ्याचदा पाच स्वरांवर चालतात, आपल्या कानाला भूपाचे स्वर वाटतील असे. फरक चालीत आहे. आपण एका स्वरातून दुसऱ्यात मींडेनं घसरतो. ती प्रत्येक स्वर जिन्याच्या पायरीसारखा वेगळा ठेवते, कितीही जलद असला तरी. तिची नक्कल पातळ होते ती नेमकी इथेच: पायऱ्यांची घसरगुंडी होते.

पाठोपाठ ऐकण्याची रीत

पहिली अट आवाजाची पातळी समान करण्याची. दोन ध्वनिमुद्रणांत जे एखाद्या डेसिबलनं मोठं, ते माणसाच्या कानाला ‘जास्त चांगलं’ वाटतं. मोठं आहे हे लक्षातही येत नाही. १९७४ चं मुद्रण, १९९२ चं मुद्रण आणि नंतर पुन्हा मास्टर केलेल्या प्रती यांच्या पातळ्या खूप वेगळ्या असतात. ऐकण्याच्या अ‍ॅपमध्ये आवाज समान करण्याची सोय असेल तर ती गाण्यागणिक लागू करा, अल्बमनुसार नको. तशी सोय नसेल तर दोन्ही गाण्यांतलं पहिलं ध्रुवपद लावून हातानं पातळी जुळवा. शेवटच्या ध्रुवपदावर जुळवलंत तर व्हिटनीचं पहिलं कडवं ऐकूच येणार नाही इतकं हळू होईल.

दुसरं, पट्टी. डॉली आणि व्हिटनी दोघींची सुरुवात पांढरी सहातच आहे, त्यामुळे पहिली दोन ध्रुवपदं जशीच्या तशी शेजारी ठेवता येतात. शेवटचं ध्रुवपद शेजारी ठेवायचं असेल तर व्हिटनीचं दोन अर्धस्वर खाली आणा. कोणत्याही साध्या ध्वनिसंपादन प्रणालीत वेग न बदलता सूर बदलता येतो. असं खाली आणलेलं ध्रुवपद ऐकलंत की कळतं, परिणामातला किती वाटा पट्टीचा होता आणि किती तिच्या स्वर फेकण्याचा. माझ्या कानाला बराचसा वाटा दुसऱ्याचा वाटतो.

हरकती मोजायच्या असतील तर वेग ७५ टक्के करा, सूर तोच ठेवून. ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. तिथे प्रणाली स्वरांच्या कडा पुसट करते आणि नसलेली मींड ऐकू येऊ लागते. वाईट हेडफोनवर श्वास बुडतात, आणि या गाण्यात श्वास ऐकू आले नाहीत तर अर्धी तुलना गेली.

ऐकताना कागदावर शब्द लिहा आणि जिथे श्वास घेतला तिथे उभी रेघ मारा. बाकी काही नाही. तीन आवृत्त्यांचे तीन कागद शेजारी ठेवले की चित्र आपोआप दिसतं: अर्थाच्या जागी कोण तुटतं, लयीच्या जागी कोण तुटतं, आणि ओळ ओलांडून कोण पुढे जातं.

गाणाऱ्यांसाठी

व्हिटनीची मांडणी मंचावर करायची तर पहिला धोका सुरुवातीचं विनावाद्य पाऊण मिनिटच. एकट्या गळ्याचा सूर हळूहळू उतरतो, आणि वाद्यं आली की पाव-अर्ध्या स्वराचा फरक सगळ्या सभागृहाला ऐकू येतो. कारण साधं आहे: हळू गाताना श्वासाचा आधार सैल पडतो, आणि ओळीच्या शेवटचा प्रत्येक स्वर थोडा बसतो, पुढची ओळ त्या बसलेल्या स्वरावरून निघते. सरावाला प्रत्येक ओळीनंतर तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज वाजवून तपासा. प्रत्यक्ष कार्यक्रमात कानातल्या मॉनिटरमध्ये षड्ज अगदी बारीक चालू ठेवायला सांगा.

दुसरा धोका पट्टी निवडण्याचा. लोक पहिल्या कडव्याला सोयीची पट्टी धरतात आणि शेवटी अडकतात. उलट करा. शेवटच्या ध्रुवपदातला सगळ्यात वरचा स्वर सलग पाच वेळा, गळा न आवळता लावता येईल अशी पट्टी आधी ठरवा, आणि सुरुवात तिथून दोन अर्धस्वर खाली घ्या. त्यामुळे पहिलं कडवं फार खोल जात असेल तर पट्टीबदल सोडून द्या, डॉलीसारखं एकाच पट्टीत गा. कमीपणा काही नाही.

उच्चाराचा घोळही मोठा. ‘आय’ लांब धरताना तोंड ‘आ’वर ठेवायचं आणि ‘ई’ अगदी सोडताना लावायची. आधीच ‘ई’कडे गेलात की जीभ वर येते, जबडा मिटतो आणि स्वर चिरका होतो. ‘यू’चं उलट: वरच्या सप्तकात निव्वळ ‘ऊ’ गळा बंद करतो, म्हणून तो किंचित ‘ओ’कडे उघडावा. ऐकणाऱ्याला ‘यू’च ऐकू येतं.

श्वासाचा हिशेब आधी मांडून ठेवा. मिनिटाला ६६ ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ०.९ सेकंदाची, म्हणजे आठ मात्रांचा स्वर सव्वासात सेकंदांचा. शांत बसून सव्वासात सेकंद स्वर धरणं सोपं. तीन मिनिटं गाऊन झाल्यावर, पूर्ण जोरात, ते सोपं राहत नाही. म्हणून शांततेच्या जागी श्वास दोन टप्प्यांत घ्या: थांबल्याबरोबर अर्धा, सावकाश, ठोक्याच्या आधी उरलेला. ठोक्याबरोबर दचकून घेतलेला श्वास खांद्यात अडकतो आणि पहिला स्वर मागे पडतो. शांतता किती वेळ, हे ड्रमवाल्यानं ठरवू नये. गायिकेनं मान किंवा हात हलवून खूण द्यावी, आणि ती खूण तालमीतच पक्की करावी. फार लांबवली की श्रोते टाळ्या वाजवायला लागतात, आणि मग ठोका टाळ्यांत जातो.

माइक पहिल्या कडव्यात ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर ठेवा. इतक्या जवळ खर्जाचा भराव वाढतो आणि हळू आवाज भरीव वाटतो. शेवटच्या ध्रुवपदाला तो २०-२५ सेंटिमीटरवर न्या. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलनं उतरते, म्हणजे एवढ्या हालचालीत १२-१४ डेसिबल हाताशी येतात. ही हालचाल शांततेतच उरकावी. स्वर चालू असताना माइक ओढला तर आवाजाचा पोत मधेच बदलतो.

कमी करूनही हे गाणं उभं राहतं, याचं चांगलं उदाहरण जेनिफर हडसनचं. ११ फेब्रुवारी २०१२ रोजी व्हिटनी गेली, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रॅमी समारंभात जेनिफरनं हे गाणं श्रद्धांजली म्हणून गायलं. थोडक्यात, पियानोच्या साथीनं, गळ्यात ताकद असूनही ती बरीचशी आवरून. व्हिटनीशी स्पर्धा करायचा मोह टाळणं हीच तिथली गायकी होती.

आवृत्त्या सलग ऐकायच्या तर लिंडापासून सुरुवात करा, म्हणजे तिसऱ्या कडव्याशिवाय गाणं कसं लागतं ते कानात बसेल. मग व्हिटनी, पूर्ण, मधे न थांबता. डॉली शेवटी. तिच्या बोलण्यातली प्रेमाची शुभेच्छा संपते तिथे तुमचा कान ड्रमच्या ठोक्याची वाट पाहत थांबलेला असेल. ठोका येत नाही. ती फक्त पुन्हा गायला लागते, आधी होती त्याच पट्टीत, आधी होती तेवढ्याच आवाजात.